सॉफ्टवेअरची पहिली नोकरी: ऑफर लेटरपासून पहिल्या स्विचपर्यंत

कॉलेजात तीन-चार वर्षं नवा कोड लिहायची सवय लागते. कंपनीत समोर येतो तो दुसऱ्या कुणी सहा-आठ वर्षांपूर्वी लिहिलेला, तीन टीम्सच्या हातांखालून गेलेला कोड, आणि त्यातल्या चार ओळी बदलायच्या असतात. बाकी काही न मोडता. बी.ई., बीसीएस, एमसीए किंवा सी-डॅकचा पदव्युत्तर संगणक अभ्यासक्रम, वाट कुठलीही असो, धक्का इथेच बसतो. परका कोड वाचता येणं आणि आपला बदल वापरणाऱ्यापर्यंत नीट पोहोचला का हे बघत राहणं, या दोन गोष्टी जमल्या की कामात रस यायला लागतो. त्या जमेपर्यंतची दोन वर्षं कशी काढायची ते इथे क्रमाने दिलं आहे. मुलाखतीच्या तयारीवर ढिगाने मजकूर सापडतो, म्हणून ती गाळली आहे.

१. रुजू होण्याआधी कागद जुळवा

हाताशी ठेवा:

- दहावी, बारावी आणि प्रत्येक सेमिस्टरची गुणपत्रिका (एटीकेटी असेल तर सुटलेल्या विषयाचीसुद्धा)
- पदवी किंवा प्रोव्हिजनल प्रमाणपत्र
- आधार, पॅन, बँक पासबुकाचं पहिलं पान
- आधी कुठे पीएफ कापला गेला असेल तर १२ अंकी यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक)
- इंटर्नशिप केली असेल तर तिचं पत्र

महाराष्ट्रातल्या मुलांची हमखास अडचण नावाची. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पॅनवर क्रम वेगळा, आधारवर वडिलांचं नाव गायब, स्पेलिंगमध्ये एखादा 'ए' जास्त. पार्श्वभूमी तपासणीत यावर बहुतेकदा प्रतिज्ञापत्र देऊन भागतं, पण पीएफमध्ये भागत नाही. तिथे आधार आणि यूएएनवरचं नाव, जन्मतारीख जुळली नाही तर पुढे पैसे हलवताना अर्ज परत येतो. म्हणून आधार आणि पॅन आधी एकसारखे करून घ्या आणि रुजू होतानाच्या फॉर्ममध्ये नाव अगदी आधारवर आहे तसंच लिहा.

मूळ प्रमाणपत्रं दाखवायची, तिथे ठेवून यायची नाहीत. आणि 'सिक्युरिटी डिपॉझिट', 'लॅपटॉपची अनामत', 'बॅकडोअर एंट्री' अशा कुठल्याही नावाखाली पैसे मागितले की तिथेच थांबा. पगार देणारी कंपनी नोकरीसाठी पैसे घेत नाही. पत्र फुकटच्या ईमेल पत्त्यावरून आलं असेल तर कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून संपर्क काढून खातरजमा करा.

२. ऑफर लेटर: हातात किती पडणार?

सीटीसीला (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) बाराने भागून घरी आकडा सांगू नका. वर्षाला ४,००,००० चं एक नेहमीचं उदाहरण घेऊ. मूळ पगार निम्मा, म्हणजे २,००,०००. आता सीटीसीतून वजा होतं ते असं: कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्क्यांनी २४,०००, ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी ९,६२०, समूह विमा समजा ६,०००, आणि व्हेरिएबल पे (कामगिरीनुसार मिळणारा भाग) १० टक्के म्हणजे ४०,०००. उरले ३,२०,३८०, महिन्याला साधारण २६,७००. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ २,००० आणि व्यवसाय कर २०० जातो (फेब्रुवारीत ३००). हातात सुमारे २४,५००. काही कंपन्या पीएफ १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे १,८०० कापतात, तेव्हा थोडे जास्त पडतात. पण ३३,३३३ कधीच नाही. पुण्यात हिंजवडी किंवा खराडीत खोली बघताना हाच आकडा धरा.

यातला पीएफ तुमचाच असतो, तो बुडत नाही. ग्रॅच्युइटीसाठी मात्र कायम कर्मचाऱ्याला सलग पाच वर्षं लागतात, त्यामुळे दोन वर्षांत सोडणाऱ्यासाठी ती कागदावरचीच रक्कम.

पत्रात आणखी चार गोष्टी शोधून वाचा. नोटीस पीरियड किती, आणि प्रोबेशनमध्ये वेगळा आहे का. कामाचं ठिकाण एकच की 'भारतात कुठेही'. शिफ्ट कुठली. आणि बाँड, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर पैसे भरण्याची अट. बाँडमध्ये काही दम नसतो, असं कट्ट्यावर हमखास ऐकायला मिळतं. ते अर्धवट खरं आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ नुसार भरपाई वाजवी असावी लागते, कंपनी मनाला येईल तो आकडा वसूल करू शकत नाही. पण २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी नोकरी सोडल्याबद्दलची २ लाखांची अट वैध ठरवली आहे. तेव्हा रक्कम आणि मुदत दोन्ही झेपणारी असतील तरच सही करा. नंतर वाद घालू या भरवशावर करू नका.

३. पहिला आठवडा: एकच क्लिक शेवटपर्यंत बघा

प्रोजेक्ट आपल्या मशीनवर चालवायला एक दिवस लागेल असं सांगतात आणि चार लागतात. कारणं ठरलेली: नोड किंवा जावाची आवृत्ती वेगळी, व्हीपीएन बंद, एखादा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल कुठेच लिहिलेला नाही, डेटाबेसची परवानगी आलेली नाही. परवानग्यांचे अर्ज पहिल्याच दिवशी टाका, त्यांनाच सर्वात जास्त वेळ लागतो. अडलं आणि सुटलं ते सगळं क्रमाने लिहून काढा आणि ते रीडमीमध्ये (प्रोजेक्टची ओळख देणारी फाइल) घालून तुमची पहिली पुल रिक्वेस्ट (माझा बदल तपासून मुख्य कोडमध्ये घ्या, अशी विनंती) करा. धोका शून्य, आणि पुढच्या नव्या माणसाचे दोन दिवस वाचतात.

मग संपूर्ण कोड समजून घेण्याच्या नादी लागू नका, तो कुणालाच समजलेला नसतो. स्क्रीनवरचं एक बटण निवडा, समजा 'ऑर्डर रद्द करा'. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये बघा कुठली विनंती जाते. तो मार्ग सर्व्हरच्या कोडमध्ये शोधा. तिथून कुठलं फंक्शन, त्यातून कुठली क्वेरी, कुठल्या टेबलातला कुठला कॉलम बदलला, परत काय उत्तर आलं, हे सगळं कागदावर बाणांनी काढा. डीबगर लावून ओळीओळीने एकदा चालून या. अशी पाच बटणं झाली की प्रोजेक्टचा सांगाडा डोक्यात बसतो.

४. पहिला बग

नवीन माणूस टिकेट (तक्रारीची किंवा कामाची नोंद) वाचून लगेच कोड बदलायला घेतो. त्याआधी बग तुमच्या मशीनवर दिसला पाहिजे. दिसत नसेल तर दुरुस्त झाला की नाही हे कशावरून कळणार?

क्रम असा ठेवा. कुठल्या युजरला, कुठल्या माहितीवर, किती वाजता झालं ते टिकेट टाकणाऱ्याला विचारा. त्या वेळचे लॉग (सिस्टीमने आपोआप ठेवलेल्या नोंदी) काढा, विनंतीचा आयडी असेल तर त्यावरून सगळ्या सेवांमधले धागे जोडा. तशीच माहिती भरून बग घडवून बघा. मग जागा अर्धी-अर्धी करत आणा: डेटाबेसमध्ये बरोबर आहे आणि स्क्रीनवर चूक, तर दोष मधल्या टप्प्यात आहे. 'पूर्वी चालत होतं' असं कुणी म्हणालं तर गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) मधलं बायसेक्ट वापरा. एक चांगला आणि एक बिघडलेला कमिट (गिटमध्ये नोंदवलेला बदल) दिला की ते मधला काढून देत राहतं, आणि १,००० कमिट्समधला दोषी साधारण १० तपासण्यांत सापडतो. गिट ब्लेमने ती ओळ कुठल्या टिकेटसाठी आली ते कळतं. नावावरून ब्लेम असला तरी बघायचं ते कारण, माणूस नव्हे. विचित्र दिसणारी इफ अट कुठल्या तरी मोठ्या ग्राहकासाठी रात्री दोन वाजता घातलेली असू शकते.

दुरुस्तीआधी नापास होणारी टेस्ट लिहा, मग दुरुस्ती करा, ती पास होताना बघा.

भारतातल्या वापरासाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा पुन्हा भेटणारे काही बग असे:

*साडेपाच तासांचा बग.* सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) चालतो, आपण त्याच्या ५ तास ३० मिनिटं पुढे. त्यामुळे मध्यरात्री १२ ते पहाटे ५:३० मध्ये झालेली नोंद आदल्या दिवसाच्या अहवालात जाते. दिवसा टेस्ट करणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. याचाच भाऊ जन्मतारखेचा बग: १२ तारखेची मध्यरात्र यूटीसीत साठवली की ११ तारखेचे संध्याकाळचे ६:३० होतात, आणि प्रमाणपत्रावर माणूस एक दिवसाने मोठा. घटनेची वेळ यूटीसीत साठवा आणि दाखवताना बदला. जन्मतारखेला मात्र वेळ जोडूच नका, तिचा प्रकार नुसता 'डेट' हवा.

*पैशांचा बग.* फ्लोटमध्ये (अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार) ०.१ अधिक ०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. रक्कम पैशांत पूर्णांकाने किंवा डेसिमल प्रकारात ठेवा. बिलावर प्रत्येक ओळीचा कर वेगळा पूर्णांकित करायचा की एकूण बेरजेवर, हे कोडमध्ये स्वतः ठरवू नका, हिशेब विभागाकडून लेखी घ्या. दोन्हींत काही पैशांचा फरक पडतो आणि ताळेबंद जुळेपर्यंत तुमचा फोन वाजत राहतो.

*देवनागरीचा बग.* 'श्री' डोळ्याला एक अक्षर, युनिकोडमध्ये चार: श, हलन्त, र, दीर्घ ईकार. यूटीएफ-८ मध्ये १२ बाइट्स. त्यामुळे 'पहिली २० अक्षरं दाखवा' असा कोड मराठी नाव अधल्यामधल्या काना-मात्रेवर तोडतो. त्याहून छुपी गोष्ट 'ऱ' ची. हे अक्षर एकसंधही साठवता येतं किंवा र आणि खाली नुक्ता असं दोन तुकड्यांतही. 'कुऱ्हाडे' एका कीबोर्डवरून एक प्रकारे येतं, दुसऱ्यावरून दुसऱ्या, दिसतं सारखंच, आणि शोधलं तर सापडत नाही. साठवण्याआधी आणि शोधण्याआधी एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करणं) लावा. मायएसक्यूएलमध्ये जुना 'यूटीएफ८' प्रकार तीन बाइट्सपर्यंतच अक्षर घेतो. मराठी त्यात बसतं, म्हणून टेस्ट पास होतात. पण कुणी अभिप्रायात इमोजी टाकला की गाडी अडते, कारण त्याला चार लागतात. तिथे 'यूटीएफ८एमबी४' च हवं.

५. पुल रिक्वेस्ट

छोटी ठेवा. २००-३०० ओळींच्या पुढे गेली की तपासणारा वाचत नाही, नुसतं स्क्रोल करून मान्य करतो, आणि ते तुमच्याच अंगाशी येतं. नाव बदलणं, फॉरमॅटिंग आणि मूळ दुरुस्ती तीन वेगळ्या कमिट्समध्ये. वर्णनात तीन गोष्टी: काय बिघडलं होतं, का, आणि तुम्ही कसं तपासलं. सोबत स्क्रीनशॉट. पाठवण्याआधी स्वतःचा डिफ (बदललेल्या ओळी) परक्याचा समजून एकदा वाचा. विसरलेले प्रिंट इथेच सापडतात.

सामायिक ब्रांचवर (सगळ्यांच्या वापरातली कोडची शाखा) फोर्स पुश (तिथला इतिहास पुसून आपला लादणं) नाही, म्हणजे नाही. तुमच्याच ब्रांचचा गुंता झाला तर घाबरून फोल्डर उडवू नका. गिट रीफ्लॉगमध्ये हरवलेला कमिट डीफॉल्टने निदान ३० दिवस सापडतो. मात्र कमिटच न केलेले बदल तिथे नसतात.

पासवर्ड किंवा क्लाउडची की चुकून पुश झाली तर ती ओळ पुसणारा नवा कमिट उपयोगाचा नाही, इतिहासात ती राहतेच. आधी ती की रद्द करून नवी घ्या, वरिष्ठांना त्याच क्षणी सांगा, इतिहास साफ करणं नंतर.

एआयने लिहून दिलेल्या कोडबद्दल एकच नियम पाळण्यासारखा वाटतो. रिव्ह्यूमध्ये 'ही ओळ का?' असं विचारल्यावर उत्तर देता येणार नसेल, तर ती ओळ तुमची नाही, पाठवू नका. आणि कंपनीचा कोड किंवा ग्राहकाची माहिती बाहेरच्या चॅटमध्ये चिकटवण्याआधी कंपनीचं धोरण वाचा.

६. प्रॉडक्शन डेटाबेसला हात लावताना

प्रॉडक्शन म्हणजे खरे ग्राहक वापरतात ती सिस्टीम. पहिल्या वर्षात तिथली परवानगी मिळूच नये. पण छोट्या कंपन्यांत ती दुसऱ्याच महिन्यात मिळते.

अपडेट किंवा डिलीट लिहिण्याआधी तीच 'व्हेअर' अट लावून सिलेक्ट चालवा आणि किती ओळी येतात ते मोजा. मग ट्रान्झॅक्शन सुरू करा, अपडेट चालवा, 'इतक्या ओळी बदलल्या' हा आकडा आधीच्या मोजणीशी जुळवा. जुळला तर कमिट (बदल पक्का), नाही तर रोलबॅक (बदल मागे). सिलेक्टमध्ये ३ ओळी होत्या आणि आता ४१,००० दिसत असतील तर ट्रान्झॅक्शनने तुमची नोकरी वाचवली. पण ते उघडं ठेवून चहाला जाऊ नका, त्या ओळींवर कुलूप लागलेलं असतं आणि बाकीचे खोळंबतात. मायएसक्यूएलमध्ये ऑल्टर टेबलसारखी आज्ञा चालली की आपोआप कमिट होतं, तिथे रोलबॅक नाही. पोस्टग्रेसमध्ये ती परत फिरवता येते. जिथे काम करता तिथला नियम आधी वाचा.

कॉलमचं नाव एका झटक्यात बदलू नका. डेप्लॉयमेंट (नवा कोड सर्व्हरवर चढवणं) चालू असताना जुना आणि नवा कोड काही मिनिटं एकाच वेळी चालतात, आणि जुन्याला तो कॉलम सापडत नाही. नवा कॉलम घाला, दोन्हींत लिहा, जुनी माहिती भरा, वाचणं नव्यावर आणा, आणि जुना काही दिवसांनी काढा.

स्क्रीन संथ असेल तर सर्व्हर वाढवून मागण्याआधी क्वेरी मोजा. १०० ऑर्डर्सची यादी दाखवायला १०१ क्वेरी जात असतील (एक यादीची आणि प्रत्येक ग्राहकाच्या नावासाठी एकेक), तर दोष ओआरएमच्या (कोड आणि डेटाबेस जोडणारी लायब्ररी) वापरात आहे. इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) असूनही वापरला जात नसेल तर एक्स्प्लेन (क्वेरी कशी चालते ते दाखवणारी आज्ञा) लावून बघा. बऱ्याचदा तारखेच्या कॉलमभोवती फंक्शन गुंडाळलेलं असतं, त्याऐवजी 'या वेळेपासून त्या वेळेपर्यंत' अशी अट लिहिली की काम होतं.

शुक्रवारी संध्याकाळी डेप्लॉय करू नये, हा विनोद नाही. अमेरिकी ग्राहकाची तेव्हा सकाळ उजाडत असते.

७. अडलं तर विचारायचं कसं

अर्धा-पाऊण तास स्वतः झटा, त्यापुढे गप्प बसणं म्हणजे टीमचा वेळ घालवणं. 'सर, चालत नाहीये' असं पाठवू नका. काय करायचं होतं, काय चालवलं, पूर्ण एरर काय आली (फोटो नव्हे, मजकूर), आतापर्यंत काय काय करून पाहिलं. निम्म्या वेळा हे लिहितानाच उत्तर सापडतं. आणि वैयक्तिक मेसेजपेक्षा टीमच्या ग्रुपवर विचारा. लाज वाटते हे खरं, पण ते उत्तर पुढच्या माणसाला शोधल्यावर मिळतं.

८. बेंच, सपोर्ट किंवा टेस्टिंग मिळालं तर

बेंच म्हणजे पगार चालू, पण प्रोजेक्ट नाही. मोठ्या सेवा कंपन्यांत आवडीचं काम मिळणं बरंचसं नशिबाचं असतं. सपोर्ट कमी दर्जाचा, असं मानणाऱ्यांनी सपोर्ट नीट केलेला नसतो. सिस्टीम खरोखर कुठे मोडते हे तिथेच दिसतं. रोज येणाऱ्या टिकेटांची महिनाभर वर्गवारी करा, सर्वात जास्त वेळा येणारा एक प्रकार निवडा आणि तो हाताने सोडवण्याऐवजी त्याची स्क्रिप्ट किंवा कायमची दुरुस्ती सुचवा. टेस्टिंगमध्ये असाल तर ऑटोमेशनचा कोड लिहा, तो कोडच आहे. तरीही वर्षभर एकही ओळ लिहायला मिळाली नाही आणि बदली लेखी मागूनही हालचाल नाही, तर सोडायची तयारी सुरू करा. दुसऱ्या वर्षी मुलाखतीत 'तुम्ही स्वतः काय केलं?' हाच प्रश्न येतो.

९. दर शुक्रवारी दहा मिनिटं

एक साधी फाइल ठेवा: तारीख, काम, कशामुळे, परिणाम. 'अहवालाची क्वेरी सुधारली' असं नको. '४० सेकंद लागत होते, इंडेक्सनंतर २' असं. आकडा त्याच दिवशी मोजला नाही तर नंतर मिळत नाही. बदल लाइव्ह गेल्यावर आठवड्याने परत जाऊन बघा, तो फीचर कुणी वापरतंय का, तक्रारी कमी झाल्या का. वार्षिक मूल्यमापनाला व्यवस्थापकाला तुमची मार्चमधली कामंच आठवतात. एप्रिल ते फेब्रुवारी तुम्हाला आठवून द्यावे लागतात. ग्राहकाचं नाव, कोड, अंतर्गत आकडे मात्र घरच्या मशीनवर आणू नका.

१०. पहिला स्विच

हातात लेखी ऑफर आल्याशिवाय राजीनामा टाकायचा नाही. तोंडी 'झालं समजा' चालत नाही. ९० दिवसांचा नोटीस पीरियड असेल तर नव्या कंपनीला पहिल्याच फोनवर सांगा. बायआउट (नोटिशीच्या उरलेल्या दिवसांचे पैसे) कोण भरणार, ते पत्रात लिहून घ्या. दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर चढू देऊ नका, पीएफच्या सेवा इतिहासात ते स्पष्ट दिसतं आणि पार्श्वभूमी तपासणीत अडकतं.

शेवटच्या दिवशी मिळवायचं: रिलीव्हिंग लेटर, अनुभव प्रमाणपत्र, निदान शेवटच्या सहा महिन्यांच्या पगारपावत्या, लॅपटॉप परत दिल्याची पोच. कंपनीचा ईमेल त्या दिवशी बंद होतो, तेव्हा पावत्या आधीच उतरवून ठेवा. त्याच आर्थिक वर्षात आधीच्या कंपनीत मिळालेल्या पगाराचा तपशील नव्या कंपनीला द्या. नाही तर दोन्हीकडे करमर्यादेचा फायदा मोजला जातो आणि विवरणपत्र भरताना एकदम रक्कम भरावी लागते.

पीएफ काढून मोबाइल घेऊ नका, ट्रान्सफर करा. पाच वर्षांची सलग सेवा होण्याआधी काढला तर सहसा त्यावर कर लागतो. नव्या कंपनीला जुनाच यूएएन द्या, दुसरा तयार होऊ देऊ नका. नव्या कंपनीचा पहिला हप्ता जमा झाला की ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणारी सरकारी संस्था) सदस्य पोर्टलवर जुन्या खात्यात 'सोडल्याची तारीख' दिसते का ते तपासा. तीच नसेल तर ट्रान्सफर अडकतं. जुन्या कंपनीने ती भरली नसेल तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी आधारच्या ओटीपीवर तुम्ही स्वतः भरू शकता. ती तारीख रिलीव्हिंग लेटरवरच्या तारखेशी जुळवूनच भरा, एकदा भरली की सहज बदलता येत नाही.